सोमवारची तारीख

आमच्या घरमालकीणबाईंनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच होता. "तुम्ही कोणातर्फे?"

पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली, गच्चीचं दार कुणी उघडं टाकलं, असलं त्या कधी विचारत नसत. पण संध्याकाळी त्यांच्या ओसरीत गल्लीतली मुलं अभ्यासाला बसलेली असताना मी जिन्यावरून वाकून म्हणालो, "मॅडम, त्याला काल जरा ताप होता, म्हणून राहिलं असंल," की त्या चष्मा नाकावर खाली घेत, मान वर करून माझ्याकडं बघत आणि हा प्रश्न टाकत. मी म्हणायचो, सुमेधतर्फे. मग दुसरा प्रश्न तयारच असायचा. "वकीलपत्र आहे?"

वकीलपत्र कुठलं असणार. सुमेध माझा मुलगा, तेव्हा सहावीत होता. बापाला वकीलपत्र लागतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी गुपचूप वर जायचो आणि खालून मुलांचं हसू ऐकू यायचं. त्यात सुमेधचंही असायचं.

त्या कोर्टातून निवृत्त झाल्या होत्या. न्यायाधीश वर बसतात आणि त्यांच्या पुढ्यात, एक पायरी खाली, फायली लावून देणारा कारकून बसतो, तिथं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत गल्लीत कुणाची झाली नाही. औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूचं हे दोन मजली घर त्यांनी पगारातून बांधलं, खाली स्वतः राहिल्या आणि वरचा मजला आम्हाला भाड्यानं दिला. आता त्या खुलताबादला असतात. आम्ही अजून वरच आहोत. खालच्या ओसरीला कुलूप आहे, आणि संध्याकाळी घरी येताना त्या कुलपाकडं बघणं मी टाळतो, एवढं खरं.

निवृत्त झाल्या तरी कोर्ट त्यांच्यातून निघालं नव्हतं. दुपारच्या सुट्टीच्या वेळेला त्या घराचं दार लावून घेत. तेव्हा कुणी कडी वाजवली तर आतून आवाज यायचा, "कोर्ट उठलंय." त्यांच्या फ्रीजमध्ये कालच्या उरलेल्या भाजीच्या डब्यावर चिठ्ठी असायची, 'प्रलंबित'. माझ्या बायकोनं एकदा जिन्यातला दिवा गेल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "नोंद घेतली," आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला. उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली की मुलांनाही सुट्टी. त्या दिवसांत त्या गडद रंगाच्या साड्या नेसून गच्चीवर पापड वाळवत बसत आणि पोरांनी अभ्यासाचं काही विचारलं तर ओळखच दाखवत नसत.

मुलांचं हे प्रकरण सुरू झालं माझ्यामुळं. सुमेधची आई पिशोरच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. रोजचं जाणं-येणं झेपत नाही म्हणून ती तिथंच खोली घेऊन राहते आणि शनिवारी रात्रीच्या बसनं घरी येते, सोमवारी पहाटे परत. आठवडाभर मी आणि मुलगा. मी औरंगपुऱ्यातल्या एका औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब लिहितो. लोकांचे हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाच्या वह्या सांभाळता येत नव्हत्या. सुमेध रोज काहीतरी विसरायचा. आज गणिताची वही, उद्या कंपास, परवा सही करायची डायरी. मग मी स्कूटर काढून शाळेत पोचवायला धावायचो. शाळेचा वॉचमन माझी स्कूटर लांबूनच ओळखायचा आणि हात पुढं करून उभा राहायचा. आई घरी नाही, निदान वही तरी वेळेवर पोचावी, असं काहीतरी माझ्या मनात असायचं.

एका सकाळी मॅडमनी मला फाटकाशी अडवलं.

"काय घेऊन चाललात?"

"त्याची इतिहासाची वही. राहिली घरी."

"त्याला लागती का तुम्हाला लागती?"

मी घड्याळाकडं बघितलं. शाळेला उशीर होत होता.

"तुम्ही नेऊन देता तवर त्याला कशाला लागंल ती," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी पाठवून द्या त्याला खाली. सगळ्या वह्यांसकट."

त्या संध्याकाळी त्यांनी जुन्या जांभळ्या साडीचा एक चौकोन फाडला आणि सुमेधच्या सगळ्या वह्या त्यात बांधल्या. कोर्टात कागद असेच बांधून ठेवतात, त्याला बस्ता म्हणतात. मोकळा कागद हरवतो, बांधलेला हरवत नाही, हे त्यांचं पहिलं कलम. हळूहळू गल्लीतली आणखी मुलं आली. शेजारच्या बोळातली झोया आली, तिला हिरवा बस्ता. कुणाला पिवळा, कुणाला फुलाफुलांचा. रोज संध्याकाळी बस्ता सोडायचा, उद्याचं वेळापत्रक बघून लागेल ते वर ठेवायचं, गाठ मारायची आणि दप्तरात टाकायचा. गाठ मुलानंच मारायची. आईबापांनी मारलेली गाठ त्या सोडायला लावत.

ओसरीत एक लांब टेबल होतं. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची कायम रिकामी. त्या स्वतः बाजूला स्टुलावर बसत. एकदा एका मुलाची आजी दमून त्या खुर्चीत बसली तर मॅडमनी तिला अतिशय नम्रपणे उठवलं आणि आतून गादी घातलेली दुसरी खुर्ची आणून दिली. रिकामी खुर्ची कुणाची, असं झोयानं विचारलं होतं. "तुमच्या शाळेची," त्या म्हणाल्या. "बरोबर का चूक ते तिनं सांगायचं. मी फकस्त कामं लावून देते."

आणि खरंच, त्यांनी कुणाला कधी गणित शिकवलं नाही. उत्तर चुकलंय हे दिसत असूनही त्या बोलत नसत. त्यांचं काम एकच, पुकारा. कोर्टात जसं नाव पुकारतात तसं त्या ओसरीतून पुकारत. "गणित विरुद्ध सुमेध." मग सुमेध उठून, हजर म्हणून, वही घेऊन टेबलाशी जायचा. विषय नेहमी फिर्यादी आणि मूल नेहमी आरोपी. "निबंध विरुद्ध झोया, हाजिर?" रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत. समोरचा चहावाला संध्याकाळी कुणाची तारीख आहे ते विचारत असे.

काम झालेलं नसलं तर पुढची तारीख मागता यायची. पण ती पुकारा होण्याआधी मागायची आणि कारण द्यायचं. कारणाबद्दल त्यांचा एकच नियम होता. कारण खरं पाहिजे, चांगलं नसलं तरी चालेल. झोया एकदा म्हणाली, "मॅडम, भूगोल को अगली तारीख दे दो ना. कल दिल नहीं लगा." मॅडमनी लगेच दिली. दुसऱ्या एका मुलानं आजोबा आजारी असल्याचं सांगितलं. ते आजोबा समोरच्या चहाच्या दुकानात बसलेले ओसरीतून दिसत होते. त्याला तारीख मिळाली नाही.

या नियमानं सुमेध बदलला, हे मला सांगितलंच पाहिजे. तोपर्यंत तो अभ्यासाबद्दल सर्रास खोटं बोलायचा. आज काही दिलंच नाही, बाई आल्याच नाहीत, वही तपासायला घेतली. मला ते कळायचं आणि मी कळलं नाही असं दाखवायचो, कारण खोटं पकडलं तर पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मॅडमच्या ओसरीत महिनाभर बसल्यावर तो मला जेवताना सरळ सांगू लागला, "विज्ञानाचे तीन प्रश्न राहिलेत पप्पा, मी सोमवारची तारीख घेतलीय." मी पिशोरला फोन करून बायकोला अभिमानानं सांगितलं की पोरगा खोटं बोलायचा थांबला. ती म्हणाली, बरं झालं, पण ते तीन प्रश्न लिहिले का? मी म्हणालो, लिहील की.

हरवलेल्या वस्तूंबद्दल मॅडमचं एक वचन होतं. कोर्टातली फाईल कधी हरवत नाही, कुणाच्या तरी बुडाखाली असते. सुमेधचं इतिहासाचं पुस्तक दोन दिवस सापडत नव्हतं तेव्हा त्या पहिल्यांदाच वर आल्या. घर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "उठा." मी सोफ्यावरून उठलो. गादीखाली पुस्तक होतं. नोंद घेतली, असं म्हणून त्या निघून गेल्या.

दुसरी गोष्ट प्रकल्पाची. शाळेनं पाणी अडवण्यावर प्रकल्प दिला होता. सुमेधकडून तो होईना, म्हणून मी थर्माकोल आणून एक सुंदर विहीर केली, वर रहाट, आत निळा रंग, बाजूनं झाडं. मॅडमनी ती टेबलावर ठेवायला लावली आणि सुमेधची उलटतपासणी घेतली.

"ही विहीर किती खोल?"

"माहीत नाही."

"पाणी कुठून आलं तिच्यात?"

"पप्पांनी दुकानातून निळा रंग आणला."

मी जिन्यात उभा होतो. मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "साक्षीदार पढवलेला असला तर निदान पाठ तरी करतो. ह्याला नुसता उभा केलाय." विहीर त्यांनी मला परत दिली. सुमेधनं मग बुटाच्या खोक्यात माती भरून, मध्ये खड्डा करून, काहीतरी केलं. ते गळायचं. शाळेत नेताना त्याच्या शर्टावर चिखल झाला आणि मार्क यथातथाच मिळाले. मला फार वाईट वाटलं. त्याला वाटलं नाही. पाणी खड्ड्यात का थांबत नाही, हे तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मी गाफील होतो.

दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. वर्गशिक्षिकेनं सांगितलं की सुमेधच्या तीन विषयांच्या वह्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या आहेत. विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, त्याला पुढची तारीख आहे. "तुमचा मुलगा माझी थट्टा करतो का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही बाई, तो खरंच सांगतोय. ते ऐकून त्यांना माझ्याबद्दलही शंका आली असावी. सुट्टी लागायच्या आधी वह्या पूर्ण आल्या नाहीत तर तोंडी आणि वह्यांचे मार्क मिळणार नाहीत, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी रात्री बायको आली. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. तिनं बस्ता सोडला, एकेक वही बघितली. वह्यांना कव्हरं होती, नावं होती, समास आखलेले होते, प्रत्येक प्रश्न शीर्षकासकट लिहिलेला होता आणि खाली उत्तराची जागा मोकळी सोडलेली होती. इतक्या नीटनेटक्या रिकाम्या वह्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

खुलताबादच्या पुढं डोंगराकडं एक निवासी शाळा आहे, ती बायको आधीच बघून आली होती. तिच्या बसच्या वाटेवरच आहे. दिवाळीनंतर तिथं प्रवेश मिळत होता. "सुट्टीपर्यंत बघू," ती म्हणाली. "नाही झालं तर तिकडं घालू त्याला." मी वह्या एकावर एक रचू लागलो. ती म्हणाली, "तुमच्यानं होत नाही म्हणून नाही म्हणत मी. मला लांबून बघवत नाही म्हणून म्हणते." सुमेध आतल्या खोलीत झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता.

रविवारी सकाळी ती खाली गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं मॅडमना नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं निकाल किती लागले?"

मॅडम नोंद घेतली असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, मग हातातल्या तांदळाच्या ताटलीकडं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. इथं कोणाचं काही हरवत नाय. पण संपत बी नाय."

त्या आठवड्यात त्यांची स्वतःची तारीख होती. हे आम्हाला अर्धवट माहीत होतं. खुलताबादला त्यांच्या वडिलांची सीताफळाची बाग होती. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडीवर सही मागितली, यांनी नाकारली, आणि दावा सुरू झाला. आता प्रकरण अपिलात शहरात आलं होतं. तारखेच्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "पोराला एकदा खरं कोर्ट बघू द्या. शाळा अर्धीच आहे ना त्याची?" मी दुकानातून सुट्टी काढली आणि आम्ही तिघं रिक्षानं गेलो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, तिला घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, कागदपत्रं असतील.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर त्यांचा भाऊ आधीच बसलेला होता. पांढरी टोपी, उन्हानं करपलेला चेहरा, पायाशी सीताफळांची टोपली. मॅडम गेल्या आणि त्याच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या. भावानं टोपली पायानं जरा बाजूला सरकवली. मग भाऊ म्हणाला, गुडघा कसाय. त्या म्हणाल्या, हाय तसाच. आता नावाची वाट बघणं सुरू झालं. ज्या बाईनं जन्मभर लोकांची नावं पुकारायला लावली ती स्वतःचं नाव यायची वाट बघत होती, आणि तिला घाई नव्हती.

पुकारा झाल्यावर दोघं आत गेले आणि दोन बाजूंना उभे राहिले. तिथं ते एकमेकांकडं बघतही नव्हते. मॅडमच्या वकिलानं तारीख मागितली. भावाच्या वकिलानं हरकत घेतली नाही. पुढची तारीख पडली. बाहेर येताना मॅडमचा वकील मला हळूच म्हणाला की अपिलात यांनी यायची काही गरजच नसते, मी दर वेळी सांगतो, पण दोघंही येतात.

बाहेर बाकावर मॅडमनी पिशवी उघडली. आत कागद नव्हते. धपाटे होते, दही होतं आणि ठेचा. मधल्या रिकाम्या जागेत त्यांनी फडकं पसरलं. भावानं सीताफळ फोडून सुमेधच्या हातात दिलं. भावाच्या घरी वहिनी मॅडमना दारात उभं करत नव्हती आणि भावाची तिच्यापुढं बोलायची टाप नव्हती. म्हणून भेटायला हे कोर्टातलं बाक. मी धपाटा हातात घेऊन बसलो आणि मला कुठं बघावं कळेना.

सुमेध बिया थुंकत म्हणाला, "मॅडम, तुमचं पण राहिलं होतं का?"

"काय?"

"अभ्यास. तुमच्या वकिलांनी तारीख घेतली ना."

भाऊ हसायला लागला. "तिचं कधीच राहत नाय, पोरा. लई हुशार हाय ती. मुद्दाम ठेवती."

"अन् तू रे?" मॅडम म्हणाल्या.

"मी बी ठेवतो की. नाय कुठं म्हणलो."

दोघंही खाली बघून खात राहिले. सुमेधनं दुसरं सीताफळ उचललं आणि सहज म्हणाला, "मी पण."

मॅडमचा हात थांबला. "तू पण काय?"

"मुद्दाम ठेवतो."

"कामून?"

"रविवारी मम्मी असती."

"मग?"

"राहिलेलं असलं की ती शेजारी बसते. नसलं की कपडे धुते."

त्यात तक्रार नव्हती. तो सोमवारची तारीख का मागतो, एवढंच त्यानं सांगितलं होतं, आणि मॅडमच्या नियमाप्रमाणे कारण खरं होतं. मला आठवलं, दर रविवारी दुपारी ती दोघं खिडकीशी बसायची. ती वैतागलेली असायची, ओरडायची, एवढं सोपं येत नाही का तुला म्हणायची, आणि तो मान खाली घालून तिच्या खांद्याला टेकून लिहायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याचा रविवार वाया जातोय. संध्याकाळ झाली की ती उठायची, अर्धं राहायचं, आणि ती आठवडाभराचे कपडे घेऊन मोरीत बसायची. त्या कपड्यांत अर्ध्याहून जास्त माझे असायचे. मशीन आमच्याकडं नव्हतं, पण हात होते मला. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी मी ते धुऊ शकलो असतो. वह्या पोचवायला मी धावलो, विहीर केली, जिन्यातून वकिली केली, आणि ही एक गोष्ट मला कधी सुचली नाही.

परत येताना रिक्षात मॅडम रिकाम्या पिशवीची घडी घालत बसल्या. त्या संध्याकाळी ओसरीत पुकारा झाला नाही. मुलं आली, बसली, एकमेकांकडं बघत निघून गेली. खालून मॅडमचा फोनवरचा आवाज येत होता. त्यांना ऐकायला कमी येई म्हणून फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळं आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत.

"मिटवून टाकू," त्या म्हणत होत्या. "विहिरीकडचा तुकडा दे मला. बाकी तुझं."

पलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाला, "अन् मग येशील का?"

"वहिनी काय म्हणंल?"

"तुझ्या तुकड्यात तू येशील. तिथं ती काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुलांना सांगितलं की आजपासून तारीख बंद. झोयानं फार वाद घातला. "मॅडम, ऐसा कैसा? सब कोर्ट में मिलती."

"हो, मिलती," मॅडम म्हणाल्या. "मैं ही देती थी. बैठ अब."

मग रोज सुनावणी सुरू झाली. एका वेळी एकच वही टेबलावर, बाकीचा बस्ता बांधलेला. ती संपल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. त्या स्टुलावर बसून असत. शिकवत नव्हत्याच, पण आता तांदूळ निवडत नव्हत्या, फोन घेत नव्हत्या, नुसत्या शेजारी बसत. सुमेध लिहायचा आणि मधूनच त्यांच्याकडं बघायचा. त्या म्हणायच्या, "आहे मी. लिही." मी जिन्यात येऊन उभा राहायचो आणि काही न बोलता परत वर जायचो. त्यांनी मला एकदाही हटकलं नाही.

विज्ञान झालं. हिंदी झाली. भूगोलानं जीव खाल्ला. शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी भूगोलाचा एक नकाशा राहिला होता, तो त्यानं डबा खायच्या सुट्टीत पुरा केला. घाट चुकीच्या बाजूला काढला होता, असं बाईंनी नंतर लाल पेनानं लिहिलं.

बागेचा दावा मिटायला पुढं हिवाळा उजाडला. मॅडमनी विहिरीकडच्या तुकड्यात दोन खोल्या बांधल्या आणि त्या तिकडं राहायला गेल्या. आम्ही मधूनमधून जातो. भाऊबहीण झाडांवरून दिवसभर भांडतात, बकऱ्या कुणाच्या बाजूनं आत आल्या यावरून तर फारच. वहिनी मध्ये पडत नाही. आम्हाला जेवायला मात्र तीच वाढते.

पण मला सांगायचा आहे तो त्या दिवाळीच्या आधीचा रविवार.

बायको आदल्या रात्री आली होती. मी फोनवर तिला वह्या पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टातलं बाकीचं सांगितलं नव्हतं. मला ते नीट सांगता येईल असं वाटत नव्हतं. सकाळी तिनं एकेक वही उघडून पाहिली, पानं मोजल्यासारखी उलटली, आणि सुमेधच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणा," म्हणाली. तो उभाच राहिला. मग तिनं पदर खोचला आणि मोरीतली कपड्यांची बादली उचलायला गेली.

बादली रिकामी होती. कपडे मी आदल्या रात्री भिजवून, पहाटे धुऊन गच्चीवर घातले होते. ते नीट पिळता आले नव्हते, अजून टपटपत होते. चादरी मात्र राहिल्या होत्या. तेवढ्यात मॅडम जिना चढून आल्या, गुडघ्यावर हात ठेवत. दारातच थांबल्या.

"चादरी द्या इकडं," त्या बायकोला म्हणाल्या. "माझ्याकडं मशीन आहे."

"अहो, तुम्ही कशाला मॅडम?"

"द्या म्हणते ना."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी चादरींचं गाठोडं उचललं आणि मॅडमच्या मागं खाली उतरू लागलो. उतरताना, हळू आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं मी एवढंच म्हणालो, "तो तुझ्या शेजारी बसायला मिळावं म्हणून अभ्यास ठेवत होता."

खाली मॅडमनी मशीन लावलं. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो. वरून काहीच आवाज येत नव्हता. शेवटी मला राहवलं नाही, मी अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो.

ती दोघं खिडकीशी बसली होती. समोर वही नव्हती, पुस्तक नव्हतं. सुमेधला हात कुठं ठेवावे कळत नव्हतं. बायकोनं डोळे पुसलेले दिसत होते. तिनं विचारलं, "आता काय करायचं रे?"

तो म्हणाला, "काही नाही. बस."

आणि ती बसून राहिली. त्या निवासी शाळेचं नाव त्या दिवशी आमच्या घरात निघालं नाही, आणि नंतरही कधी निघालं नाही.